तात्यांच्या हार्टची झडप ०.७ वर आलीये, ७१ व्या वर्षी बदलायची का आणि कशी?

सिन्नरची_मंजू

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण घरात रोज यावरून वाद चाललेत म्हणून इथे विचारतेय. माझे वडील, आम्ही तात्या म्हणतो, वय ७१. शेती आहे, कांदा आणि थोडी द्राक्षं, अजून रोज मळ्यात जातात. शुगर नाही, बीपीची एक गोळी चालू आहे. दिवाळीपासून चालता चालता मधेच थांबायला लागले, विचारलं तर म्हणायचे वय झालं आता. मग एकदा मोटार चालू करून विहिरीवरून परत येताना डोळ्यापुढे अंधारी आली आणि बांधावरच बसले, पडले नाहीत पण शेजारच्या काकांनी धरून घरी आणलं. नाशिकला नेलं, ईसीजी झाला, एको झाला. रिपोर्टमध्ये लिहिलंय सिव्हिअर कॅल्सिफिक एऑर्टिक स्टेनोसिस, म्हणजे हार्टमधून शरीराकडे रक्त सोडणारी झडप कॅल्शियम साचून फार अरुंद झालीये, झडपेचा एरिया ०.७ चौरस सेंटीमीटर, पीक व्हेलॉसिटी ४.६, मीन ग्रेडियंट ५२, ईएफ (हार्ट दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते) ५५ टक्के. डॉक्टर म्हणाले झडप बदलायला लागणार आणि उगाच लांबवू नका.

आता मोठे काका म्हणतात या वयात छाती उघडायची नाही, गोळ्या घ्या पथ्य पाळा. भाऊ म्हणतो मांडीतून नळी घालून झडप बसवतात ते करू, पण त्याचा खर्च ऐकून आईच्या डोळ्यात पाणीच आलं. आणि तात्यांचं वेगळंच, ते म्हणतात बसल्या जागी मला काही होत नाही, ईएफ पण नॉर्मल आहे म्हणजे हार्ट चांगलंच आहे ना, आषाढीला निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाऊन येतो मग बघू. दरवर्षी पायी जातात ते, त्यामुळे त्यांना नाही म्हणणं फार अवघड आहे.

गोळ्यांनी ही झडप उघडते का? थांबलो तर नक्की काय होतं? आणि दोन पद्धतींमध्ये फरक काय? कोणाच्या घरी झालं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

भूलतज्ज्ञ_सांगली

मंजूताई, मी हार्टच्या ऑपरेशनला भूल देतो, असे पेशंट आठवड्याला बघतो म्हणून लिहितोय. तात्यांना तपासलेलं नाही त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा, पण तुम्ही दिलेले आकडे अगदी बोलके आहेत.

निरोगी माणसाची ही झडप साधारण ३ ते ४ चौरस सेंटीमीटर उघडते. १ च्या खाली गेली की सिव्हिअर. रक्ताचा वेग सेकंदाला ४ मीटरच्या वर किंवा मीन ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला सरासरी फरक, ४० च्या वर, हे पण सिव्हिअरच. तात्यांचे तिन्ही आकडे हद्दीच्या पलीकडे आहेत आणि एकमेकांशी जुळतायत, म्हणजे मोजणीत गडबड असण्याची शक्यता कमी. कधी कधी एरिया कमी पण ग्रेडियंटही कमी असं येतं, तेव्हा डोब्युटामिन, म्हणजे हार्टचा जोर वाढवणारं औषध, देऊन एको करावा लागतो नाहीतर सीटीवर झडपेतलं कॅल्शियम मोजावं लागतं. तात्यांच्या बाबतीत तो घोळ दिसत नाही.

ईएफ ५५ आहे म्हणून हार्ट चांगलं, हा गैरसमज बऱ्याच घरांत ऐकतो. शेतातल्या पंपाच्या पुढचा कॉक पाऊणच्या वर बंद केला तरी पंप काही काळ जोर लावून पाणी फेकत राहतो, तसं हे चाललंय. डाव्या कप्प्याची भिंत जाड होते आणि ती ताकदीने रक्त ढकलते, त्यामुळे ईएफ शेवटपर्यंत बरा दिसतो. तो ५० च्या खाली घसरला की स्नायू थकायला लागला असं समजायचं, आणि तेव्हा ऑपरेशन केलं तर सगळी ताकद परत येईलच असं नाही. आत्ता ५५ आहे म्हणजे ऑपरेशनसाठी ही चांगली वेळ आहे.

विहिरीवरून येताना अंधारी आली हे सगळ्यात महत्त्वाचं. आपण चालतो तेव्हा पायाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हार्टला जास्त रक्त सोडावं लागतं. इथे झडपच अरुंद, जास्त सुटणार कुठून, मग बीपी पडतं आणि मेंदूला कमी पडतं. बसल्या जागी काही होत नाही कारण बसल्या जागी मागणीच नाही. या आजारात तीन लक्षणं बघतात, छातीत दाबल्यासारखं होणं, चक्कर किंवा भोवळ, आणि दम लागणं. १९६८ साली रॉस आणि ब्राउनवाल्ड या दोघांनी मांडलेला हिशोब आजही शिकवतात, की झडप न बदलता छातीत दुखणं सुरू झालं तर सरासरी आयुष्य ५ वर्षं, भोवळ सुरू झाली तर ३, हार्ट फेल्युअर झालं तर २. आकडे जुने आणि थोड्या पेशंटवरचे आहेत, पण दिशा कधी बदललेली नाही. २०१० साली पार्टनर नावाचा अभ्यास आला, त्यात ज्यांना ओपन ऑपरेशन झेपणारच नव्हतं असे पेशंट घेतले होते. नुसत्या औषधांवर आणि फुग्याने झडप ताणण्यावर ठेवलेल्यांपैकी वर्षभरात ५०.७ टक्के गेले, नळीतून झडप बसवलेल्यांपैकी ३०.७ टक्के. ते पेशंट तात्यांपेक्षा खूप म्हातारे आणि आजारी होते हे खरं, तरी नुसत्या औषधांवर काय होतं ते यातून कळतं.

गोळ्यांचं सांगायचं तर झडप उघडणारी एकही गोळी आज जगात नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी तरी हा कॅल्शियमचा थर थांबेल म्हणून मोठा अभ्यास केला होता, २००८ मध्ये निकाल आला, फरक पडला नाही. लघवी होण्याच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या त्रास थोडा हलका करतात, तेवढंच. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, छातीत दुखलं म्हणून शेजारच्यांनी दिलेली जिभेखालची गोळी स्वतःहून देऊ नका, बीपी एकदम खाली येऊ शकतं. ट्रेडमिल टेस्ट पण कोणी करायला सांगितली तर आधी एकोचा रिपोर्ट दाखवा, लक्षणं असताना ती करत नाहीत.

पायी वारी या वर्षी नाही. हे मी स्पष्ट लिहितोय कारण त्र्यंबकेश्वरहून पंढरपूर म्हणजे कितीतरी दिवसांचं चालणं, ऊन, कमी पाणी, आणि भोवळ येऊन गेलेला माणूस. ऑपरेशननंतर पुढच्या वर्षी जाण्याची आशा धरायला हरकत नाही, बरे झालेले पेशंट पुन्हा चालताना मी पाहिलेत.

निसर्गप्रेमी_६१

माझा अनुभव सांगतो, आमच्या ओळखीत एकांनी अर्जुनसालाचा काढा घेतला आणि दम लागणं बरंच कमी झालं. लगेच कापाकापीकडे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. चिलेशन म्हणून पण एक ट्रीटमेंट असते त्यात सलाइनमधून कॅल्शियम काढून टाकतात, ती विचारून बघा.

भूलतज्ज्ञ_सांगली

दादा, तुमचा हेतू चांगला आहे ते कळतं, पण इथे थांबवायलाच हवं. झडपेवरचं कॅल्शियम हाडासारखं घट्ट झालेलं असतं, काही वेळा तर त्यात खरोखर हाडाच्या पेशी सापडतात. चिलेशनने ते निघत नाही आणि रक्तातलं कॅल्शियम मात्र घसरून जीवावर बेतू शकतं. काढ्याने झडप रुंदावल्याचा पुरावा नाही. दम कमी वाटतो तो बऱ्याचदा माणूस नकळत चालणंच कमी करतो म्हणून, जिना चढायचा सोडतो, मळ्यात जायचं सोडतो, आणि मग म्हणतो त्रास नाही. मंजूताई, तात्या वर्षभरापूर्वी काय काय करायचे आणि आज काय करत नाहीत ते आईंना विचारा, खरं उत्तर तिथे मिळेल.

वसईकर

माझ्या आईचं ओपन ऑपरेशन झालं, तेव्हा ती ६८ ची होती. आमच्याकडे पण हेच सगळं झालं होतं, मामा एक म्हणे मावशी एक म्हणे. शेवटी सर्जनने आईला समोर बसवून तिलाच समजावलं आणि तिने पाच मिनिटांत हो म्हटलं. तुम्ही पण तात्यांना बाहेर बसवून आत निर्णय घेऊ नका.

काय होतं ते सांगतो. छातीचं मधलं हाड कापतात, हार्ट थांबवून रक्त मशीनवरून फिरवतात, जुनी झडप कॅल्शियमसकट पूर्ण काढून नवीन शिवतात. चार-पाच तास लागले. आयसीयूत दोन-तीन दिवस, मग वॉर्ड, साधारण आठवडाभराने घरी. ऐकायला भयंकर वाटतं पण आईला दुखणं अपेक्षेपेक्षा कमी होतं. जास्त त्रास दुसऱ्याच गोष्टींचा झाला. तिसऱ्या दिवशी हार्टचे ठोके एकदम अनियमित झाले, आम्ही घाबरलो, पण डॉक्टर म्हणाले झडपेच्या ऑपरेशननंतर हे खूप जणांना होतं, औषधावर ठीक झालं. आणि रात्री आयसीयूत तिला भ्रम व्हायचा, मला ओळखायची पण आपण गावच्या घरात आहोत असं म्हणायची. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितोय, म्हाताऱ्या माणसांत होतं आणि जातं. चष्मा, कानाचं मशीन, घड्याळ त्यांच्याजवळ ठेवायला नर्सना सांगा, फरक पडतो.

घरी आल्यावर हाड जुळेपर्यंत सहा ते आठ आठवडे वजन उचलायचं नाही, कुशीवर वळताना हातावर जोर द्यायचा नाही, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. शेतकरी माणसाला हे सांभाळणं कठीण जाईल, मोटार, पाइप, कांद्याची गोणी कशालाच हात लावू देऊ नका. तीन महिन्यांनी आई वसई स्टेशनचा जिना न थांबता चढली. तिला टिश्यू व्हॉल्व्ह बसवलाय, म्हणजे गाईच्या हृदयावरणाचा किंवा डुकराच्या झडपेचा बनवतात तो. यावरून तुमच्या घरात प्रश्न येऊ शकतो, माळकरी असतील तर आधीच मोकळेपणाने बोलून घ्या.

टिकटिक_२०११

वसईकर दादांनी टिश्यूचं सांगितलं, मी मेटलवाला आहे म्हणून दुसरी बाजू लिहितो. माझी झडप जन्मापासूनच दोन पाकळ्यांची होती, साधारण तीन पाकळ्या असतात, शंभरात एक-दोन जणांना अशी असते आणि ती लवकर कडक होते. मला ऐन तिशीत बदलावी लागली. त्या वयात टिश्यू लवकर खराब होतो म्हणून मेकॅनिकल बसवली. ती झिजत नाही, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून जन्मभर रक्त पातळ करायची गोळी, मी ॲसिट्रोम घेतो, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी रक्ततपासणी, करत राहायचं. एऑर्टिक जागी बसवलेल्या झडपेला बहुतेकांना २ ते ३ च्या मधे ठेवायला सांगतात. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. लोक म्हणतात मेथी पालक बंद करा, तसं नाहीये, रोजच्या जेवणात पालेभाजी साधारण सारखीच ठेवायची, एक आठवडा रोज मेथी आणि एक आठवडा अजिबात नाही असं करायचं नाही. दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घ्यायच्या नाहीत. आणि नवीन आलेल्या रक्त पातळ करायच्या गोळ्या, ज्यांना आयएनआर लागत नाही, त्या मेटलच्या झडपेला चालत नाहीत, डॅबिगॅट्रानवर अभ्यास केला होता तो २०१२-१३ च्या सुमारास मधेच थांबवावा लागला कारण गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले. हे इतकं लिहितोय कारण औषधाच्या दुकानातून गोळी बदलून दिली जाते आणि माणसाला कळतच नाही.

माझी झडप चित्रा व्हॉल्व्ह आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. वलियाथन यांच्या टीमने कित्येक वर्षं खपून बनवली, पहिली डिसेंबर १९९० मध्ये बसवली. परदेशी झडप परवडत नाही म्हणून ज्यांचं ऑपरेशन अडलं असतं अशा किती घरांना यामुळे आधार मिळाला असेल. मला त्या माणसांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते.

७१ ला बहुतेक टिश्यूच सांगतील कारण गोळीची कटकट आणि रक्तस्रावाचा धोका वाचतो. पण रिपोर्टमध्ये झडप दोन पाकळ्यांची लिहिली असेल तर तुम्ही आणि भाऊ पण एकदा एको करून घ्या, हे घराण्यात चालतं.

सिन्नरची_मंजू

तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ काढून लिहिलंत, खरंच आभार. डॉक्टर, तुमचं उत्तर मी तात्यांना वाचून दाखवलं. आईने सांगितलं की वर्षभरापूर्वी ते मळ्यातून दोन खेपा करायचे, आता एकच करतात आणि मधे आंब्याखाली बसतात. तात्या गप्प बसून राहिले आणि मग म्हणाले बरं, वारीचं राहू दे. काकांनीही ऐकलं.

आता पुढचा प्रश्न. आम्ही दोन ठिकाणी दाखवलं. एका सर्जननी ओपन सांगितलं, दुसऱ्या ठिकाणच्या कार्डिओलॉजिस्टनी टावी सांगितलं, म्हणजे मांडीतून. दोघेही आपापल्या पद्धतीचं चांगलं सांगतात. आम्ही कोणाचं ऐकायचं? आणि टावीचा आकडा पंधरा ते वीस लाखांच्या घरात सांगितला, ओपनचा त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा.

पुणे_टू_लीड्स

मंजू, माझ्या सासऱ्यांचं पुण्यात टावी झालं, वय ८१, किडनी थोडी कमजोर, आधी एक बायपास झालेली. त्यांना ओपन कोणीच करायला तयार नव्हतं त्यामुळे आमच्यापुढे दोन रस्ते नव्हतेच. आधी सीटी झालं, छातीपासून जांघेपर्यंत, त्यात झडपेचं माप घेतात आणि पायाची धमनी नळी जाण्याइतकी मोठी आहे का ते बघतात. त्यात रंगाचं इंजेक्शन असतं, किडनीचं क्रिएटिनिन आधी बघून घ्या. प्रोसीजरला दीड तास लागला, पूर्ण भूल नव्हती, जुनी झडप काढत नाहीत, ती बाजूला दाबून आतच नवीन उघडतात. दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालत होते. मला रडूच आलं त्यांना चालताना बघून.

पण सगळं गुलाबी नाही. त्यांच्या हार्टची विद्युत वाट झडपेच्या अगदी जवळून जाते, ती दाबली गेली आणि पेसमेकर बसवावा लागला. हे होऊ शकतं हे आधी सांगितलेलं होतं, तरी तो वेगळा खर्च आणि वेगळं टेन्शन. झडपेच्या कडेने किंचित लीक पण आहे, दर वर्षी एकोत बघतात. झडप भारतातलीच होती, वापीला बनते ती मायव्हल. ती परदेशी झडपांपेक्षा कमी पडते का हे मी खूप विचारलं होतं, नंतर २०२४ मध्ये त्यावरचा युरोपातला मोठा अभ्यास आला आणि ३० दिवसांच्या निकालात ती इतर दोन नामांकित झडपांच्या बरोबरीने उतरली.

भूलतज्ज्ञ_सांगली

मंजूताई, दोघेही खोटं सांगत नाहीयेत. ७१ हे वयच असं आहे की दोन्ही पद्धती बसतात. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६५ च्या खाली ओपन, ८० च्या वर टावी, आणि मधल्यांनी पेशंटशी बोलून ठरवायचं असं आहे. युरोपने २०२१ मध्ये टावीसाठी ७५ ची रेघ आखली होती, २०२५ मध्ये ती ७० वर आणली. म्हणजे वयाने निकाल लागणार नाही, तात्यांच्या शरीररचनेने लागेल.

कमी धोक्याच्या पेशंटवरचे दोन मोठे अभ्यास २०१९ मध्ये आले. पहिल्या वर्षात टावीवाले पुढे होते, स्ट्रोक कमी, लवकर घरी, ते अनियमित ठोके फार कमी. त्यातल्या एका अभ्यासाचे ५ वर्षांचे आकडे २०२३ मध्ये आले तेव्हा दोन्हीकडे साधारण सारखंच होतं. पेसमेकरचं म्हणाल तर झडप कुठल्या जातीची यावर आहे, आपोआप उलगडणाऱ्या झडपेच्या त्या अभ्यासात महिनाभरात १७.४ टक्क्यांना लागला, फुग्याने उघडणाऱ्या झडपेच्या अभ्यासात ६.५ टक्क्यांना. नवीन तंत्राने हे प्रमाण कमी होतंय. टिश्यूची झडप, मग ती शिवलेली असो की नळीतून बसवलेली, साधारण १० ते १५ वर्षं चालते, काहींची जास्त. तात्या ८५ चे झाले आणि झडप पुन्हा अरुंद झाली तर आत दुसरी बसवता येते का, हा प्रश्न आजच विचारा, कारण पहिली किती मोठी बसली यावर ते ठरतं.

ओपनकडे झुकायचं कधी? झडप दोन पाकळ्यांची आणि वेडीवाकडी असेल, महाधमनी फुगलेली असेल, दुसरी झडपही खराब असेल, हार्टच्या रक्तवाहिन्यांत बायपास करण्यासारखे ब्लॉक असतील, किंवा पायाच्या धमन्या अरुंद असतील. टावीकडे कधी? वय जास्त, फुफ्फुस किंवा किडनी कमजोर, छातीवर आधी ऑपरेशन किंवा रेडिएशन झालेलं, माणूस अशक्त. तात्या मळ्यात काम करणारे, शुगर नसलेले, म्हणजे ओपन झेपण्यासारखे वाटतात. पण अँजिओग्राफी आणि सीटी झाल्याशिवाय मीही काही म्हणणार नाही. ज्या ठिकाणी सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट एकत्र बसून पेशंटचा निर्णय घेतात, हार्ट टीम म्हणतात त्याला, तिथे जा. दोघांनी एकाच टेबलावर तात्यांचे रिपोर्ट बघायला हवेत.

भाऊंना एवढंच सांगा की टावी परवडत नाही म्हणून आपण वडिलांना दुय्यम उपचार देतोय असं मनात आणू नका. या वयात तब्येतीने धडधाकट माणसाला ओपन ऑपरेशन हा पूर्ण दर्जाचा उपचार आहे. कर्ज काढून, शेत विकून टावी करणारी कुटुंबं मी पाहिलीत, काहींना त्याची गरज नव्हती, ते पाहून फार वाईट वाटतं.

आणि ज्या टावीबद्दल आपण बोलतोय ती कशी आली तेही सांगतो. फ्रान्समधल्या रूआँ गावचे अलँ क्रिबिए यांनी १९८५ मध्ये फुग्याने ही झडप ताणायला सुरुवात केली, पण काही महिन्यांत झडप परत अरुंद व्हायची. मग फुगा काढल्यावर झडप उघडी ठेवणारं काहीतरी आत सोडता येईल का यामागे लागले, बऱ्याच जणांनी अशक्य म्हणून सोडून दिलं होतं. १६ एप्रिल २००२ ला पहिली टावी केली, ५७ वर्षांचा अत्यवस्थ पेशंट होता, सर्जननी नाही म्हटलेला. आज फुग्याने नुसतं ताणणं फक्त तात्पुरतं, पेशंटला थोडा वेळ मिळावा म्हणून करतात. तुम्हाला कोणी स्वस्तात फुगा मारून देतो म्हटलं तर हे लक्षात असू द्या.

आरोग्यमित्र_नाही_पण

पैशाचं मी सांगतो, माझ्या मेहुण्याच्या वेळी सगळं पायपिटीने शिकलो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलायचं ओपन ऑपरेशन बसतं. आधी दीड लाखाचं संरक्षण होतं, २०२३ मध्ये पाच लाखांचा निर्णय झाला. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि त्या ऑपरेशनसाठी आहे का हे दोन्ही वेगवेगळं विचारा, कारण एखादं हॉस्पिटल योजनेत असतं पण हार्टसाठी नसतं. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या कामात मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा, ॲडमिट झाल्यावर धावाधाव नको. मंजुरी यायच्या आत डिपॉझिट भरायला सांगितलं तर लेखी मागा. टावी योजनेत मिळेल का ते त्याच टेबलावर विचारून घ्या, गृहीत धरू नका.

दुसरं, धर्मादाय हॉस्पिटल. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असलेल्या मोठ्या ट्रस्ट हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्न मर्यादा निर्धनांना वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलांना ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, त्यालाच वेळ लागतो. मुख्यमंत्री सहायता निधीला पण अर्ज करता येतो, हॉस्पिटलचं अंदाजपत्रक लागतं त्याला. मेडिक्लेम असेल तर झडपेच्या किमतीवर मर्यादा आहे का ते कंपनीकडून मेलवर लेखी घ्या, फोनवरचं काही कामाला येत नाही.

सिन्नरची_मंजू

अपडेट देते. अँजिओग्राफी आणि सीटी झालं. झडप तीन पाकळ्यांचीच आहे पण कॅल्शियम भरपूर, आणि हार्टच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत सुरुवातीलाच ८० टक्के ब्लॉक निघाला, आणखी एकीत ७०. या वेळी सर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट दोघेही खोलीत होते, दोघांनी एकच सांगितलं, ओपन करून बायपास आणि टिश्यू व्हॉल्व्ह एकाच वेळी. भाऊ पण शांत झाला. योजनेची फाइल टाकलीये, आरोग्यमित्र खूप मदत करणारे भेटले. तात्यांनी सर्जनना विचारलं की झडप कशाची, त्यांनी गाईच्या हृदयावरणाची सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले मला नातवाचं लग्न बघायचंय, बसवा. आम्ही कोणी मधे बोललो नाही.

एकच राहिलं. सर्जननी दातांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायला सांगितलंय. तात्यांच्या दोन दाढा किडलेल्या आहेत, काढायच्या म्हणतायत. झडपेचं आणि दातांचं काय? आणि आत्ता या अवस्थेत दात काढणं सेफ आहे का?

भूलतज्ज्ञ_सांगली

दोघांनी एकत्र बसून ठरवलं हे वाचून बरं वाटलं, आणि असे ब्लॉक असताना बायपास बरोबर करणं योग्यच.

दातांचं अगदी बरोबर सांगितलंय. किडलेल्या दाढेतले जंतू रक्तात जातात आणि नवीन झडपेवर जाऊन बसतात, त्या इन्फेक्शनमध्ये झडप पुन्हा बदलायची वेळ येते, जीवही जातो. म्हणून आधी तोंड साफ करून घेतात. दाढा काढणं होऊ शकतं पण गल्लीतल्या क्लिनिकमध्ये नको. जिथे हार्टची टीम आहे त्याच हॉस्पिटलच्या दंतविभागात, मॉनिटर लावून, बधिर करायचं इंजेक्शन बेताचं देऊन करा. एकोचा रिपोर्ट हातात द्या आणि तोंडाने पण सांगा की झडप अरुंद आहे, बीपी पडू देऊ नका. ॲस्पिरिन चालू असेल तर बंद करायची की नाही ते सर्जनना विचारा, दातवाल्यांच्या सांगण्यावर परस्पर थांबवू नका. जखम भरायला थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात, तारीख त्याप्रमाणे ठरवतील, पण त्या निमित्ताने ऑपरेशन महिने महिने पुढे जाऊ देऊ नका.

नवीन झडप बसल्यावर पुढे कधीही दात काढायचा किंवा हिरडीचं काम करायचं असलं की तासभर आधी अँटिबायोटिक, पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर बहुतेक ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम एकदाच. कार्डवर लिहून तात्यांच्या खिशात ठेवा की माझ्या हार्टला कृत्रिम झडप आहे. आणि ऑपरेशननंतर कधीही विनाकारण ताप दोन-तीन दिवसांवर गेला तर गावात अँटिबायोटिक सुरू करण्याआधी सर्जनना फोन करा, आधी ब्लड कल्चर काढावं लागतं, गोळी आधी पोटात गेली तर जंतू सापडत नाही. टिश्यू व्हॉल्व्हनंतर काही सर्जन पहिले तीन महिने ॲसिट्रोम देतात, काही नुसतं ॲस्पिरिन, तुमचे काय देणार आहेत ते डिस्चार्जच्या आधी विचारून कागदावर लिहून घ्या. ऑपरेशनची तारीख आली की इथे कळवा.